प्रबंधाआधी प्रश्न

गेल्या वर्षी मृगाच्या सरी नुकत्याच सुरू झाल्या असताना, तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकविणारे एक तरुण प्राध्यापक माझ्याकडे आले. त्यांच्या बगलेतील फायलीत पदव्युत्तर परीक्षेच्या गुणपत्रिका होत्या, ‘सेट’ ही अध्यापनाची पात्रतापरीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र होते, संस्थेच्या सचिवांनी सहीशिक्क्यानिशी दिलेला नाहरकत दाखला होता, आणि विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे ‘पेट’चा, निकालही होता, अर्जास लागणारा एकही कागद गहाळ नव्हता. चहा झाल्यावर त्यांनी येण्याचे कारण सांगितले. “सर, गाइड मिळाले आहेत, त्यांच्याकडे एक जागा रिकामी आहे. सिनॉप्सिस पुढच्या आठवड्यात द्यायचाय. तेवढा विषय सुचवा.” मी त्यांना विचारले, “तुम्हाला स्वतःला काय जाणून घ्यायचंय?” त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाले, “हे मला आजवर कुणी विचारलंच नाही.”

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. ज्या व्यवस्थेत पहिलीपासून एम.ए.पर्यंत सतरा वर्षे विद्यार्थ्याने दुसऱ्याने काढलेल्या प्रश्नपत्रिकेस उत्तरे द्यावयाची, आणि अठराव्या वर्षी मात्र अकस्मात आपला प्रश्न आपणच काढावयाचा, त्या व्यवस्थेत वाढलेला मनुष्य त्या क्षणी गोंधळून जावा हे स्वाभाविक आहे. परंतु ह्या गोंधळातूनच आधी बढतीची गरज, मग मार्गदर्शकाकडील रिकामी जागा, मग विषय, आणि प्रश्न सुचलाच तर प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात, असा जो उलटा क्रम आपल्या विद्यापीठांतून रूढ झाला आहे, तो सुलटा केल्यावाचून नियमांत कितीही फेरफार केले तरी संशोधनाचा दर्जा सुधारणार नाही, असे माझे ठाम मत आहे. आणि ज्यांच्या घरातील मुलगा, मुलगी, सून वा जावई आज ह्या पदवीच्या उंबरठ्यावर उभे असतील, त्यांच्यासाठी ते मत थोडे विस्ताराने मांडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

पीएच.डी. म्हणजे एम.ए.च्या वरची आणखी एक पायरी, असा सार्वत्रिक समज आहे. खालच्या सर्व पदव्या, जे ज्ञात आहे ते विद्यार्थ्याने आत्मसात केले, याची साक्ष देतात. ही एकच पदवी अशी आहे की, जे कालपर्यंत कोणासही ठाऊक नव्हते त्यात ह्या मनुष्याने तिळाएवढी का होईना भर घातली, ती भर कोणत्या पुराव्यावर उभी आहे हे दाखविले, आणि जाणकारांच्या उलटतपासणीपुढे ती टिकविली, याची ती साक्ष देते. मध्ययुगीन युरोपात ‘डॉक्टर’ म्हणजे अध्यापनाचा अधिकार प्राप्त झालेला मनुष्य, एवढाच अर्थ होता. १८१० साली बर्लिन येथे स्थापन झालेल्या विद्यापीठाने अध्यापन आणि संशोधन एकाच छपराखाली आणण्याचा आदर्श पुढे ठेवला, आणि त्या शतकात जर्मन विद्यापीठांतून आजच्या अर्थाची पीएच.डी. स्थिरावली; अमेरिकेत ती पहिल्यांदा येल विद्यापीठाने १८६१ साली दिली; ऑक्सफर्डने तर ती १९१७ साली स्वीकारली. श्रीधर व्यंकटेश केतकर हे कॉर्नेल विद्यापीठात भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर लिहीत होते तेव्हा, म्हणजे १९०९ च्या सुमारास, इंग्लंडातील ह्या जुन्या विद्यापीठात ही पदवीच अस्तित्वात नव्हती. पुढे त्याच केतकरांनी मराठीत ज्ञानकोश उभा केला. विधान करावयाचे तर त्याचा आधार सांगावयाचा, ही प्रबंधलेखनात अंगी बाणलेली शिस्त त्या अवाढव्य कार्यात त्यांच्या उपयोगी पडली असली पाहिजे, असे मला वाटते.

प्रबंध जाड म्हणजे संशोधन थोर, हाही एक भ्रम आपल्याकडे दृढ झाला आहे. त्याचे निराकरण करण्यास कमला भागवत यांचे उदाहरण पुरेसे आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागावयास गेल्या तेव्हा, स्त्रियांना येथे प्रवेश नाही, असे सांगून संचालक चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांचा अर्ज फेटाळला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग पत्करला, प्रवेश मिळविला, तोही एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर, आणि ते वर्ष असे काढले की पुढे त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. नंतर केंब्रिज येथे, वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनक्रियेस आवश्यक असलेले द्रव्य असते, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले, आणि १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली, विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला अशी त्यांची गणना होते. आपण त्यांना कमला सोहोनी ह्या नावाने ओळखतो. त्यांचा प्रबंध सुमारे चाळीस पानांचा होता आणि त्याचे काम दीड वर्षाच्याही आत झाले होते.

चाळीस पाने! आपल्याकडील कित्येक प्रबंधांत पहिल्या चाळीस पानांत जिल्ह्याचे स्थान, पर्जन्यमान, नद्या आणि तालुकावार लोकसंख्या येऊन जाते, पुढील शंभर पानांत पूर्वसूरींच्या ग्रंथांचे सारांश एकापुढे एक मांडले जातात, आणि संशोधकाचे स्वतःचे म्हणावे असे वाक्य शोधण्यासाठी परीक्षकास तीनशेव्या पानापर्यंत धीर धरावा लागतो. परीक्षक म्हणून मी स्वतः असे प्रबंध वाचले आहेत, आणि ते वाचताना खेद वाटतो तो यासाठी की, त्या तीनशे पानांमागे कोणा तरुणाची चार-पाच वर्षे, त्याच्या कुटुंबाची काटकसर आणि बहुधा एखाद्या सहधर्मचारिणीची जागरणे गुंतलेली असतात.

ह्याच कमलाबाईंच्या भगिनी म्हणजे दुर्गाबाई भागवत. त्याही पीएच.डी.साठी निघाल्या होत्या. गोंड समाजाच्या अभ्यासासाठी मध्य भारताच्या अरण्यात हिंडत असताना अन्नातून विषबाधा होऊन त्या कित्येक वर्षे अंथरुणास खिळल्या, आणि ती पदवी त्यांच्या नावापुढे कधी लागली नाही. तरीही लोकसाहित्य, समाजशास्त्र आणि संस्कृतीचा इतिहास ह्या क्षेत्रांत दुर्गाबाईंनी जे लिहिले त्याचा अधिकार मराठी वाचकास निराळा सांगावयास नको. एका घरातील ह्या दोन विदुषींपैकी एकीला पदवी मिळाली, दुसरीला मिळाली नाही. जाणून घेण्याची तहान मात्र दोघींचीही सारखीच खरी होती. पदवीस निघणाऱ्या प्रत्येकाने आपल्या ठिकाणी ही तहान आहे काय, हे आधी तपासावे, आणि ती नसेल तर संकोच न करता दुसरा मार्ग धरावा. त्यात कमीपणा काही नाही.

संशोधन म्हणजे काय, हे मला कोणी एका उदाहरणात सांगावयास सांगितले तर मी इरावती कर्वे यांचे नाव घेईन. मुंबईस गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम.ए. करून, पती दिनकर कर्वे यांच्या प्रोत्साहनाने त्या १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि तेथील मानववंशशास्त्राच्या संस्थेत ऑइगेन फिशर यांच्या हाताखाली काम करू लागल्या. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचे प्रमुख पुरस्कर्ते होते; पुढे नाझी राजवटीने ज्यांच्या विद्वत्तेचा आधार घेतला त्यांत त्यांची गणना होते. युरोपीय गोऱ्या माणसाच्या कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंत जो फरक असतो तो त्याच्या अधिक विकसित बुद्धीचा निदर्शक असून अन्य वंशांत तो तितका आढळणार नाही, अशी त्यांची कल्पना होती, आणि ती मोजमापांनी सिद्ध करण्याचे काम त्यांनी ह्या हिंदुस्थानातून आलेल्या विद्यार्थिनीवर सोपविले. विचार करा: परका देश, परकी भाषा, पदवी देणे न देणे ज्याच्या मर्जीवर अवलंबून आहे असा जगद्विख्यात गुरू, आणि उत्तर कोणते यावयास हवे हे आधीच ठाऊक. इरावतीबाईंनी कवटीमागून कवटी मोजली, आकडे मांडले, आणि ही असममिती वंशावर अवलंबून नाही, असा निष्कर्ष लिहून दिला. पदवी मिळाली. मिळाली नसती तरी आकडे तेच राहिले असते. पुण्यास परतल्यावर १९३९ पासून डेक्कन कॉलेजात त्यांनी जे प्रचंड कार्य केले त्याचा पाया बर्लिनच्या त्या प्रयोगशाळेत, गुरूच्या इच्छेपेक्षा पुराव्यास वरचे स्थान देण्याच्या त्या निश्चयात, घातला गेला होता.

ह्या गोष्टीची दुसरी बाजू, म्हणजे शिष्याचे मत पटले नाही तरी त्याच्या पुराव्याचा मान राखणारा गुरू, आपल्याला भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्रात भेटतो. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करण्याच्या करारावर, ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथून ते लंडनला गेले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली तेथील अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मागाहून येणारी त्यांची ग्रंथसंपदा, जहाजच पाणबुडीच्या हल्ल्यास बळी पडल्याने, समुद्रार्पण झाली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून पैसा साठवून, शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून कर्ज काढून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. रुपयाचे मूल्य स्थिर का राहत नाही आणि ते अस्थिर राहिल्याची झळ कोणास सोसावी लागते, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना त्यांनी सरकारी चलननीतीवर आणि त्या नीतीचे समर्थन करणाऱ्या जॉन मेनार्ड केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञावरही टीका केली. परीक्षकांनी प्रबंधात फेरफार करण्यास सांगितले. ते करून तो पुन्हा सादर झाला आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी ह्याच प्रबंधाच्या छापील ग्रंथास प्रस्तावना लिहिली, आणि तीत लेखकाशी आपले अनेक ठिकाणी मतभेद असल्याचे नमूद करूनही त्याच्या विचारांच्या ताजेपणाची वाखाणणी केली. कोलंबियाची पीएच.डी. मात्र, प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठास सादर करण्याच्या तेथील प्रघातामुळे, ग्रंथ १९२५ साली निघाल्यानंतर १९२७ साली रीतसर पदरात पडली. काम पुरे झाल्यापासून तोवर अकरा वर्षे लोटली होती.

नोकरीसाठी पदवी घेणे हे पाप आहे, असे मी मानत नाही. बडोद्याच्या चाकरीचा करार आंबेडकरांनीही केला होता, आणि उपजीविकेची विवंचना नसलेला विद्वान ही आपल्या समाजात दुर्मीळ वस्तू आहे. माझे म्हणणे एवढेच की, त्या कराराने त्यांना प्रश्न पुरविला नव्हता, तो त्यांचा स्वतःचा होता.

आता नियमांकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जे नवे विनियम जारी केले त्यांनी एम.फिल. ही मधली पायरी काढून टाकली. पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण असलेला उमेदवार प्रवेशास पात्र ठरतो, आणि चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी घेतलेल्यास पदव्युत्तर शिक्षणावाचूनही थेट प्रवेशाची मुभा आहे. दोन्ही ठिकाणी मागास प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांस पाच टक्क्यांची सवलत मिळते. अभ्यासक्रमाचे, म्हणजे ‘कोर्सवर्क’चे, किमान १२ श्रेयांक पुरे करावे लागतात व त्यात संशोधनाच्या नीतिशास्त्राचाही अंतर्भाव असतो. कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सहा वर्षे ही मुदत. पुनर्नोंदणीने ती आणखी दोन वर्षे वाढते. स्त्रियांस आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांस त्यापुढेही दोन वर्षे मिळू शकतात, आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करण्याची वाट आता नियमाने मोकळी आहे. त्यासाठी कार्यालयाचा नाहरकत दाखला लागतो. दर सहामाहीस संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचा अहवाल ठेवावयाचा, प्रबंध पुरा झाल्यावर मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे तो जावयाचा, आणि त्यांच्या अनुकूल अहवालानंतर मौखिक परीक्षा. नियम वाचावयास इतकेच आहेत, आणि ते वाचल्याशिवाय कोणाच्याही तोंडी माहितीवर विसंबून शुल्क भरू नये.

ह्यातील एका बदलाचे मी मनापासून स्वागत करतो. २०१६ च्या विनियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध नियतकालिकात प्रसिद्ध करण्याची आणि परिषदांतून दोन निबंध वाचण्याची सक्ती केली होती. हेतू चांगला होता, परंतु पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा जो सुळसुळाट झाला त्यास ह्या सक्तीनेच खतपाणी मिळाले. २०२२ साली ती उठविली गेली, हे योग्य झाले. तसेच महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी ‘नेट’ वा ‘सेट’ पुरेशी आहे, हे जुलै २०२३ मध्ये आयोगाने स्पष्ट केले. म्हणजे केवळ वर्गात शिकविण्याची इच्छा असलेल्याने पीएच.डी.चा भार उचललाच पाहिजे असे आता नाही. वरच्या बढतीस मात्र ती लागते, आणि उलट्या क्रमाचे मूळ अजून तेथेच शिल्लक आहे.

मार्गदर्शकाची निवड हा ह्या सर्व प्रवासातला सर्वांत गंभीर निर्णय होय, आणि तोच आपल्याकडे सर्वांत घाईने घेतला जातो. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार, ह्याहून अधिक संशोधक नसावेत, आणि निवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्याने नवा विद्यार्थी घेऊ नये, असा नियम आहे. जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ. त्यामुळे ज्याच्याकडे जागा तो गाइड, असा व्यवहार सुरू होतो, आणि त्यातूनच मार्गदर्शकाच्या घरची कामे, त्याच्या पाल्याच्या प्रवेशाची धावपळ, त्याच्या पुस्तकाची मुद्रिते तपासणे, असे नाना प्रकार निमूटपणे सोसणारे तरुण मी पाहिले आहेत. एका मुलीने मला सांगितले की दीड वर्षात तिच्या मार्गदर्शकाने तिच्या लेखनाचे एकही पान वाचलेले नव्हते. माझा सल्ला असा की, नाव नोंदविण्यापूर्वी त्या मार्गदर्शकाचे गेल्या दहा वर्षांतील लेखन वाचावे, त्यांच्या हाताखाली पदवी मिळविलेल्या दोघांना आणि सोडून गेलेल्या एकास प्रत्यक्ष भेटावे, आणि ते विद्यार्थ्याचा मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात, एवढा एकच प्रश्न विचारावा. त्या उत्तरावरून पुढील सहा वर्षांचा अंदाज येतो.

आणि प्रश्न कसा शोधावा? येथे मी थोडा थांबतो, कारण त्या तरुण प्राध्यापकाशी माझे उरलेले दोन तास ह्याच विषयावर बोलणे झाले. ते ज्या गावी शिकवितात तेथून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमधून कारखान्यांकडे निघतात आणि त्यांच्या वर्गातील काही बाके चार-पाच महिने रिकामी राहतात. “त्यावर विषय घेता येईल का? ‘ऊसतोड मजुरांच्या मुलांचे शिक्षण: एक चिकित्सक अभ्यास’?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, हा विषय झाला, प्रश्न अजून झाला नाही. ज्या गावात मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालले त्या गावात मुली सातवीतून आठवीत जाण्याचे प्रमाण बदलले काय. बदलले नसेल तर अडचण वसतिगृहाच्या दर्जाची, की आईबापांच्या भीतीची, की मुलीने कोयता धरल्यावाचून उचल फिटत नाही ह्या हिशोबाची. हे शाळेच्या हजेरीपटावरून, मुकादमाच्या वहीवरून आणि त्या मातांशी बोलून ठरविता येईल. ज्याचे उत्तर ‘होय’ येईल की ‘नाही’ हे आज आपल्याला खरोखरच माहीत नाही, आणि जे उत्तर शोधण्याची साधने आपल्या आवाक्यात आहेत, तो संशोधनाचा प्रश्न. हे ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जी उत्सुकता आली ती फायलीतील कोणत्याही प्रमाणपत्रात नव्हती.

असे प्रश्न महाराष्ट्रात जागोजागी पडलेले आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे असंख्य मोडी रुमाल असे आहेत की ते उघडून वाचणारा मनुष्य मिळत नाही. मोडी शिकण्यास काही महिने पुरतात, आणि मग एखाद्या परगण्याच्या जमाखर्चातून अठराव्या शतकातील दुष्काळाची कथा कोणालाही प्रथमच वाचता येईल. हे संशोधन मराठीत लिहिण्यासही कोणाची हरकत नाही. कित्येक विद्यापीठे मानव्यविद्यांतील प्रबंध मराठीतून स्वीकारतात. परंतु मराठीत लिहिणाऱ्याने इंग्रजी व अन्य भाषांतील संदर्भ वाचण्याचे टाळू नये. भाषेची सोय ही आळसाची सबब होता कामा नये.

पैशाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ‘नेट’ परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रात ‘बार्टी’, ‘सारथी’ आणि ‘महाज्योती’ ह्या शासकीय संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. त्या नियमितपणे हाती पडाव्यात म्हणून संशोधक विद्यार्थ्यांना पुन्हापुन्हा उपोषणास बसावे लागते, ही ह्या राज्यास शोभणारी गोष्ट नाही. ज्याच्या घरी दुसरी मिळकत नाही त्या मुलास सहा महिने रक्कम मिळाली नाही तर त्याने ग्रंथालयाऐवजी रोजंदारीवर जावे, असाच त्याचा अर्थ होतो. सयाजीरावांचे साडेअकरा पौंड वेळेवर पोहोचले म्हणून एका विद्यार्थ्यास तीन वर्षे पोटाची चिंता बाजूस ठेवून ग्रंथालयात बसता आले, हे मंजुरीच्या प्रत्येक फायलीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने ध्यानात ठेवावे.

शेवटी वाङ्मयचौर्याविषयी. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही, आणि साठ टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द होते. संगणकास शब्दांचे साम्य मोजता येते, चोरलेला विचार त्यास ओळखता येत नाही. आणि पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे तर प्रत्येक वाक्य नवे करून देतात. त्यांस पकडण्याचा माझ्या मते एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे मौखिक परीक्षा खऱ्या अर्थाने खुली ठेवणे. नियमानेही ती अन्य प्राध्यापकांस, संशोधकांस व जाणकारांस खुली आहे. प्रत्यक्षात ती कित्येकदा तासाभरात, नातलगांच्या पेढ्यांसह, उरकली जाते. ज्याने स्वतः काम केले आहे त्यास कोणत्याही पानावर बोट ठेवून विचारले तरी तो अर्धा तास बोलू शकतो, आणि ज्याने केलेले नाही त्यास दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

म्हणून विद्यापीठांस माझी विनंती आहे की, प्रत्येक मार्गदर्शकाकडील रिकाम्या जागा, त्याच्या हाताखाली नोंदणी केलेल्यांची आणि पदवी मिळविलेल्यांची संख्या, व प्रत्येक मौखिक परीक्षेची तारीख पंधरा दिवस आधी जाहीर करावी. ह्यास नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. आणि पदवीस निघालेल्या तरुणांस एवढेच सांगणे आहे: अर्ज भरण्यापूर्वी ‘शोधगंगा’ ह्या संकेतस्थळावर, जेथे देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य वाचावयास ठेवलेले आहेत, आपल्या विषयातील तीन प्रबंध अथपासून इतिपर्यंत वाचा, आणि जवळच्या विद्यापीठात एखाद्या खुल्या मौखिक परीक्षेस शेवटच्या रांगेत जाऊन बसा. ते तरुण प्राध्यापक ह्या वर्षी तसे बसून आले. सिनॉप्सिस त्यांनी अद्याप दिलेला नाही, सध्या ते तीन गावांचे हजेरीपट उतरवून घेत आहेत.